लॅपटॉप अचानक बंद पडला? खान्देशातल्या ग्राहकांचे नेहमीचे प्रश्न

जळगावात दुरुस्तीच्या टेबलाशी बसून मला १४ वर्षं झाली. रावेर, चोपडा, अमळनेरपासून शहादा-तळोद्यापर्यंतची माणसं लॅपटॉप पिशवीत घालून येतात आणि बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच असतं, "भाऊ, हाऊ लॅपटॉप अचानक बंद पडी गया." यातल्या कितीतरी जणांना निम्मा तपास घरीच करता आला असता. काहींचं नुकसान मात्र घरी केलेल्या खटपटीनेच वाढलेलं असतं, आणि ते बघून जीव हळहळतो. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

रात्री नीट बंद केला होता, सकाळी चालूच होत नाही. सगळ्यात आधी काय करू?

बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डावर, कुठे शॉर्ट झालं असेल तर प्रत्येक वेळी त्याच जागेतून पुन्हा करंट जातो आणि एक छोटा भाग बदलून भागलं असतं तिथे शेजारची चिपही जळते.

चार्जर काढा. माऊस, पेन ड्राइव्ह, प्रिंटरची वायर, मेमरी कार्ड, जे जे लावलेलं आहे ते सगळं काढा. एका खराब पेन ड्राइव्हमुळे लॅपटॉप चालू होत नव्हता, असं मी अनेकदा पाहिलंय. बॅटरी बाहेर निघणारी असेल तर तीही काढा. आता पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. मनात मोजू नका, घड्याळ बघा. मनातले तीस आकडे बारा सेकंदांत संपतात. यामुळे बोर्डावर अडकलेला चार्ज उतरतो आणि चार्जिंग, बटण, पंखा सांभाळणारी चिप नव्याने सुरू होते. मग फक्त चार्जर लावा आणि बटण एकदाच दाबा. बॅटरी आत बंदिस्त असेल तरी ३० सेकंदांचा हा उपाय करून बघण्यासारखा आहे. लेनोवोच्या बऱ्याच थिंकपॅडना पाठीमागे टाचणीएवढं रीसेटचं छिद्र असतं. चार्जर काढून त्यात सरळ केलेली पेपरक्लिप हलकेच दाबली की तेच काम होतं.

एवढ्याने चालू झाला, तर दुसरं काहीही करण्याआधी महत्त्वाच्या फायली पेन ड्राइव्हवर किंवा ऑनलाइन काढून ठेवा. एकदा असा रुसलेला लॅपटॉप परत रुसू शकतो.

चार्जर बिघडलाय की लॅपटॉप, हे घरी कसं ओळखायचं?

चार्जरवर छोटा दिवा असेल तर काम सोपं आहे. आधी चार्जर फक्त भिंतीतल्या सॉकेटला लावा. दिवा लागत नसेल तर दुसरं सॉकेट बघा, मग भिंतीपासून चार्जरपर्यंतची जाड वायर बदलून बघा. ती बहुधा सुटी असते आणि स्वस्तात मिळते. उंदराने कुरतडलेली वायर हे आमच्याकडचं नेहमीचं दुखणं आहे, तेव्हा ती हाताने चाचपण्याआधी सॉकेटमधून काढा.

दिवा लागत असेल तर आता पिन लॅपटॉपला लावा, पण नजर चार्जरच्या दिव्यावर ठेवा. पिन आत जाताच दिवा विझला आणि बाहेर काढल्यावर परत लागला, तर बहुतेक वेळा लॅपटॉपच्या आत शॉर्ट आहे आणि चार्जर स्वतःला वाचवतोय. तिथेच थांबा. क्वचित चार्जरच थकलेला असतो, म्हणून तशाच दुसऱ्या चार्जरने एकदा खात्री करायला हरकत नाही, पण एकदाच.

शेजाऱ्याचा चार्जर लावताना पाठीमागचे आकडे वाचा. व्होल्टेज तेच हवं, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर असं लिहिलेलं असेल तर तो ६५ वॉटचा चार्जर झाला. डेल आणि एचपीच्या गोल पिनमध्ये मधोमध एक बारीक सुई असते. तिच्यावरून लॅपटॉप चार्जर ओळखतो. ती वाकली की चार्जर ठणठणीत असूनही बॅटरी चार्ज होत नाही. टाइप-सी चार्जर मल्टिमीटरने तपासू नका. लॅपटॉपशी बोलणं झाल्याशिवाय तो २० व्होल्ट सोडतच नाही, आणि तुम्ही चांगला चार्जर फेकून द्याल.

दिवे लागतात, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी आहे.

कॅप्स लॉक दाबा. तुमच्या प्रत्येक दाबाला त्याचा दिवा लागत-विझत असेल तर बहुतेक लॅपटॉप आतून जिवंत आहे आणि बिघाड दिसण्यापुरता आहे. खोलीत अंधार करा आणि मोबाइलची टॉर्च स्क्रीनवर तिरकी धरा. अंधुक चित्र दिसलं तर स्क्रीनचा मागचा उजेड गेलाय. काहीच दिसलं नाही तर एचडीएमआय वायरने टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र आलं तर मदरबोर्ड ठीक. स्क्रीन किंवा बिजागरीतून जाणारी पट्टीवायर बघायची. झाकण पुढे-मागे करताना चित्र येत-जात असेल तर ती वायरच. डेलच्या बऱ्याच मॉडेलमध्ये डी बटण दाबून धरून लॅपटॉप चालू केला की स्क्रीन स्वतःची परीक्षा देते आणि एकामागून एक रंग दाखवते. रंग स्वच्छ दिसले तर स्क्रीन संशयातून सुटली.

कॅप्स लॉक मेलेला असेल तर माझा पहिला संशय रॅमवर, म्हणजे लॅपटॉपच्या तात्पुरत्या मेमरीवर जातो. पावसाळ्यात तर हमखास. रॅमच्या पट्टीची सोनेरी टोकं दमट हवेने काळपट होतात. मी बॅटरीचं कनेक्शन काढतो, पट्टी बाहेर घेतो, शाळेतल्या पांढऱ्या खोडरबराने एकाच दिशेला हलकेच चार-पाच हात मारतो, कण ब्रशने झटकतो आणि पट्टी खट् आवाज येईपर्यंत बसवतो. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघतो. मागचं झाकण उघडायची सवय असेल तर हे घरी होतं. नसेल तर झाकणाच्या प्लास्टिकच्या कड्या तुटतात, तेव्हा सोडून द्या.

एक वेगळा अनुभव सांगतो. पारोळ्याचे एक निवृत्त गुरुजी आले होते. टाइप करायला बसलं की स्क्रीन बंद, उठलं की चालू. दोन ठिकाणी स्क्रीन बदलायला सांगितलेली. मी त्यांना माझ्यासमोर टाइप करायला लावलं आणि हाताकडे बघत राहिलो. डाव्या मनगटात रक्तदाबासाठी घेतलेलं चुंबकाचं कडं होतं. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपावा यासाठी आत एक सेन्सर असतो आणि तो चुंबकावरच चालतो. कडं काढलं, दुखणं गेलं. चुंबकाचं कव्हर असलेला मोबाइल लॅपटॉपवर ठेवला तरी असंच होतं.

दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो किंवा बीप वाजते. त्याचा अर्थ काय?

लॅपटॉप स्वतःचं दुखणं सांगतोय. डेलमध्ये पिवळा दिवा अमुक वेळा आणि मग पांढरा तमुक वेळा, एचपीत बहुधा कॅप्स लॉकचा दिवा, अशी प्रत्येक कंपनीची बाराखडी वेगळी. मोबाइलवर त्याचा एक मिनिटाचा व्हिडिओ काढा, आवाजासकट. माझ्यासाठी तो व्हिडिओ अर्ध्या तपासाइतका असतो. लॅपटॉप थोडाफार चालू होत असेल तर कंपनीची स्वतःची तपासणीही चालवता येते: डेलमध्ये चालू होताना एफ १२, एचपीत एफ २. विंडोज सुरू व्हायची गरज नसते.

उन्हाळ्यात भर दुपारी काम करता करता एकदम बंद पडतो. तासाभराने आपोआप चालू होतो. हे काय आहे?

उष्णता. आणि आपल्याकडे या एका प्रश्नाला मी वर्षातले तीन महिने देतो.

बऱ्याच कंपन्या लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असं सांगतात. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. पंखा बाहेरची हवाच आत ओढतो. ती हवाच तापलेली असेल तर तो बिचारा काय थंड करणार? प्रोसेसर साधारण १०० अंशांच्या घरात पोचला की आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही तापत राहिला तर जीव वाचवायला एकदम बंद होतो. म्हणजे हा बिघाडापेक्षा इशारा जास्त आहे. पण हा इशारा दोन उन्हाळे दुर्लक्षित राहिला की मग खराच बिघाड होतो.

आता आपल्या भागाची खास गोष्ट. धरणगावहून एक लॅपटॉप आला. घराला लागून जिनिंग. पंखा फिरत होता, आवाजही येत होता, पण जाळीतून हवेची फुंकरसुद्धा बाहेर येत नव्हती. पंखा खोलला तर आत, पंख्याची पाती आणि तांब्याच्या पट्ट्या यांच्या मधोमध, कापसाच्या तंतूंचा करड्या रंगाचा थर बसलेला. चिमट्याने टोक धरून ओढलं तर घोंगडीच्या तुकड्यासारखी अख्खी पट्टी निघाली. बाहेरून हवा मारून ती कधीच निघाली नसती. उलट ब्लोअरने ती आणखी घट्ट बसली होती. थर काढला, प्रोसेसरची उष्णता तांब्याकडे पोचवणारी थर्मल पेस्ट वाळून खडू झाली होती, ती पुसून नवी लावली, आणि लॅपटॉप पुन्हा कामाला लागला.

हात जाळीशी धरून बघा. गरम हवेचा झोत लागत असेल तर ठीक. पंखा ओरडतोय आणि झोत नाही, तर आत थर आहे. खान्देशात वर्षातून एकदा, फेब्रुवारीअखेर आतून साफ करून घ्या. गोधडीवर, गादीवर लॅपटॉप ठेवू नका. खालची जाळी बंद होते. लाकडी पाट चालतो, चांगला चालतो.

मग कूलरसमोर बसलं तर चालेल ना?

थेट झोतात नको. कूलरच्या हवेबरोबर पाण्याचे बारीक तुषार येतात आणि बोअरच्या पाण्यातला क्षारही. अशा लॅपटॉपच्या यूएसबीच्या खाचांत मला पांढरी भुकटी आणि बोर्डावर हिरवट गंज दिसतो. कूलर खोली थंड करू दे, तुम्ही बाजूला बसा.

गावाकडे लाइट सारखी जाते-येते. त्याने लॅपटॉप जातो का?

कमी व्होल्टेजची काळजी करू नका. शेतीपंप सुरू झाले की दिवे मंदावतात आणि लोक घाबरून लॅपटॉप काढतात. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. १७० व्होल्टवर तो मजेत चालतो.

धोका दाब वाढण्याचा आहे. लाइट परत येतानाचा झटका, वळवाच्या पावसातली वीज, आणि सगळ्यात वाईट म्हणजे न्यूट्रल, विजेची परतीची वायर, तुटणं. डीपीवरची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळची न्यूट्रल सुटली की २३० च्या जागी ३०० च्या वर, कधी ४०० च्या जवळपास व्होल्टेज घरात येऊ शकतं. खूण लक्षात ठेवा: घरातला किंवा शेजारचा एखादा दिवा भलताच प्रखर, दुसरीकडचा मिणमिणता. असं दिसलं की लगेच मेन स्विच पाडा. अशा वेळी बहुधा चार्जर बळी जातो आणि लॅपटॉप वाचतो, पण नेहमीच नाही. लाइट गेली की चार्जर सॉकेटमधून काढा, आल्यावर पाच मिनिटांनी लावा. गडगडाट सुरू झाला की इंटरनेटची तांब्याची केबलही काढा. वीज तिच्यातूनही येते.

जास्तीचा दाब अडवणारा सर्ज प्रोटेक्टर घ्या, पण त्याआधी अर्थिंग बघा. उन्हाळ्यात आपली काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि प्रोटेक्टरला जास्तीचा दाब जमिनीत सोडायला नीट वाट राहत नाही. खड्ड्यात अधूनमधून पाणी घालायचं हे जुन्या वायरमनना सांगावं लागत नसे. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येतात तेही बहुतेक वेळा अर्थिंग नसल्यामुळेच.

चालू होतो, पण निळी स्क्रीन येते किंवा डिस्क सापडत नाही असं लिहून येतं.

कान लावा. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल आणि आतून टक... टक... टक असा एकसारखा आवाज येत असेल तर त्याच क्षणी बंद करा. आतलं वाचणारं टोक जागा शोधत आपटतंय आणि प्रत्येक फेरीला तुमचे फोटो खरवडले जाण्याची भीती आहे. अशी डिस्क फ्रीजमध्ये ठेवणं, टिचक्या मारणं, झाकण उघडणं यातलं काहीही करू नका. डेटा परत मिळवणाऱ्या प्रयोगशाळा ती धूळविरहित खोलीतच उघडतात.

एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली नव्या प्रकारची डिस्क, आवाज करत नाही. ती सकाळी असते, दुपारी नसते. कधी कधी ती नुसती खाचेतून सैल झालेली असते. एकदा काढून पुन्हा बसवल्यावर सापडते. निळी स्क्रीन दर वेळी वेगळं कारण दाखवत असेल तर रॅम तपासा, एकच कारण दाखवत असेल तर आधी ड्रायव्हर, म्हणजे आतले भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, बघा.

लॅपटॉप गेला तर डेटाही गेला का?

बहुतेक वेळा नाही. मदरबोर्ड जळला तरी डिस्क वेगळी असते, ती काढून दुसऱ्या लॅपटॉपला जोडता येते. ज्या पातळ मॉडेलमध्ये एसएसडी बोर्डालाच डकवलेली असते तिथे मात्र बोर्ड जिवंत करण्याशिवाय मार्ग नाही.

पण इथे एक अडचण अलीकडे फार वाढली आहे, आणि तिच्यापायी मी माणसं रडताना पाहिली आहेत. विंडोज ११ चे बरेच लॅपटॉप तुम्हाला न विचारता डिस्कला कुलूप घालतात. मदरबोर्ड बदलला किंवा डिस्क दुसरीकडे लावली की ४८ आकडी बिटलॉकर रिकव्हरी की, म्हणजे त्या कुलपाची किल्ली, मागितली जाते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. विद्यापीठातली एक पीएचडीची विद्यार्थिनी आली होती, चार वर्षांचं काम त्या डिस्कवर. बोर्ड आम्ही दुरुस्त केला, चिप बदलावी लागली, आणि पडद्यावर कुलूप. खातं कोणाचं? लॅपटॉप विकत घेतला तेव्हा दुकानातल्या मुलाने घाईत स्वतःच्या ईमेलने सुरू करून दिलेला. नशिबाने तो मुलगा सापडला, त्याला पासवर्डही आठवला. दर वेळी असं होत नाही. ती की नसेल तर मी, कंपनी, कोणीही ती डिस्क उघडू शकत नाही. लॅपटॉप चांगला चालू असतानाच आज आपल्या खात्यात जाऊन ती की कागदावर उतरवा आणि घराच्या कागदपत्रांत ठेवा.

चहा किंवा पाणी सांडलं. तांदळात ठेवू?

नको. तांदूळ आतलं पाणी ओढत नाही, पंख्यात जाऊन मात्र बसतो. चार्जर काढा, बटण दाबून धरून बंद करा, झाकण उघडं ठेवून तंबूसारखा पालथा करा, आणि चालू करून बघण्याचा मोह आवरा. आत बॅटरी जोडलेली असेपर्यंत ओल्या बोर्डावर करंट खेळत राहतो आणि तांबं खातो. म्हणून त्याच दिवशी बॅटरीचं कनेक्शन काढायला आणा. साखरेचा चहा पाण्याहून वाईट. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतो, ब्रशने चिपांच्या कडा साफ करतो. त्याच दिवशी आलेले लॅपटॉप बरेच वाचतात. "दोन दिवस उन्हात वाळवला" म्हणून आणलेल्यांत गंज आधीच पोचलेला असतो.

टचपॅड वर आलंय, खालचं झाकण फुगलंय.

बॅटरी फुगली आहे. चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका. ताबडतोब बदला. जुनी घंटागाडीत टाकू नका, कचऱ्यात पेट घेऊ शकते. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

दुरुस्तीवाले म्हणतात मदरबोर्ड गेला. खरं कसं समजायचं?

विचारा, "काय मोजलं?" टेबलावरच्या पॉवर सप्लायने लॅपटॉप किती करंट ओढतो ते दिसतं. बटण दाबल्यावरही आकडा शून्यच राहिला तर करंट आतच जात नाही. जोडताक्षणी सप्लायने हात टेकले तर शॉर्ट. शॉर्ट झालेला भाग तापतो, त्यावर अल्कोहोलचा थेंब टाकला की तो तिथे आधी उडतो आणि जागा सापडते. कितीतरी वेळा तो ज्वारीच्या दाण्याहून लहान कपॅसिटर असतो. चिप लेव्हलचं काम करणारा कारागीर तेवढाच बदलतो. "मदरबोर्ड गेला" एवढंच सांगून थेट नव्या बोर्डाचा आकडा सांगितला, तर दुसरं मत घ्या.

चिपला हीट गनने तापवून चालू करून देणं ही दुरुस्ती नाही. काही आठवड्यांत तो परत बंद पडतो आणि तोवर आजूबाजूचं प्लास्टिक, सोल्डर सगळं दुबळं होतं. मी हे काम घेत नाही. डेटा काढून घेण्यापुरतं एखाद्याने केलं तर समजू शकतो.

वॉरंटीत आहे, पण दाद लागत नाही.

वॉरंटीत असेल तर बाहेर कुठेच खोलू नका, माझ्याकडेही नाही. तक्रारीचा क्रमांक, जॉबशीट, बिल जपून ठेवा. तरी टाळाटाळ झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे.

दुरुस्तीला आणताना सोबत काय आणू?

चार्जर, तोच रोजचा. निम्मे लोक तो घरी विसरतात आणि मग भुसावळहून दुसरी चक्कर होते. बंद पडण्याआधीची शेवटची दोन-तीन मिनिटं एका कागदावर लिहा: लाइट गेली होती का, कसला वास आला का, चार्जिंगला होता का, पोराच्या हातून पडला का. पडला असेल तर तसं सांगा, मी कोणालाही रागावत नाही. याआधी कोणी खोलला असेल तर तेही सांगा. आणि एसटीत मांडीवर घेऊन बसा. वरच्या रॅकवर ठेवलेल्या लॅपटॉपची स्क्रीन जळगाव येईपर्यंत फुटलेली मी पाहिली आहे.